पुढची अखंड सीट

आईच्या पाठीसाठी म्हणून मी बाबांच्या अँबॅसिडरचं इंजिन बदललं. कुणी विचारलं की मी एवढंच सांगते, आणि ते खरंही आहे. फक्त हे सांगताना बाबा समोर असतील तर मी त्यांच्याकडे बघायचं टाळते.

बाबा आखाडा बाळापूरला टॅक्सी चालवायचे. लग्नाची वऱ्हाडं, अडलेल्या बायका, नांदेडच्या दवाखान्यात न्यायचे पेशंट, नर्सीला दर्शनाला जाणारी माणसं, सगळं त्या एका गाडीतून जायचं. मळक्या दुधी रंगाची, गोल बोनेटची गाडी. पुढची सीट या दारापासून त्या दारापर्यंत अखंड, एखाद्या गादीच्या बाकासारखी. गिअरचा दांडा खाली नव्हता, स्टेअरिंगच्याच बाजूला होता. हँड गिअर म्हणायचे त्याला. त्यामुळे पुढे पायाशी सगळं मोकळं, आणि बाबांच्या शेजारी दोघं आरामात, तिघं दाटीनं बसायची.

आई मात्र त्या गाडीत क्वचितच बसायची. धंद्याची गाडी होती. तिच्यात जागा असली तर ती पॅसेंजरची. आई माहेरी हट्ट्याला जायची तीसुद्धा एसटीनं, आणि बाबा फाट्यावर उभे राहून तिच्या बसकडे बघत हात वर करायचे. मला लहानपणी यात काही वेगळं वाटलं नाही. टॅक्सी चालवणाऱ्या सगळ्यांच्या घरी असंच असणार असं मी धरून चालले होते.

पुढे फाट्यावर नव्या मोठ्या गाड्या आल्या आणि बाबांच्या गाडीला गिऱ्हाईक राहिलं नाही. त्यांनी ती विकली नाही. खासगी करून घेतली आणि दारात लिंबाखाली लावली. सकाळी पुसायची, आठवड्यातून एकदा वारंगा फाट्यापर्यंत फिरवून आणायची. भाऊ पुण्याहून फोनवर म्हणायचा, "बाबा, जागा अडवून ठेवलीय नुसती." बाबा म्हणायचे, "माझ्याच दारातली जागा हाय."

मग आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, नांदेडला. टाके निघाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की दर आठवड्याला व्यायामाला आणायचं, पुढचे काही महिने तरी. मी हिंगोलीला कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते, सासरही तिथंच. दर आठवड्याला सुट्टी काढणं मला जमणारं नव्हतं. बाबा म्हणाले, "मी हाय की. गाडी हाय."

मागच्या सीटवर आईला बसता येईना. एकटी असली की वळणावर घसरायची आणि सावरताना पाठीतून कळ जायची. म्हणून बाबांनी तिला पुढे बसवलं. त्यांच्या आणि तिच्या मध्ये एक उशी. आई तिरपी बसायची, डावा पाय दाराकडे लांब सोडून, उजवा खांदा उशीवर टेकवून. उशी म्हणजे जवळजवळ बाबांचा खांदाच. मी एका सुट्टीच्या दिवशी त्यांना निघताना पाहिलं. गाडी लिंबाखालून निघाली, गल्लीच्या तोंडाशी नालीवरचा उंचवटा आला आणि आईनं डोळे घट्ट मिटून घेतले. मला तेच दिसलं. तेवढंच दिसलं.

त्या वेळी रस्त्याचं कामही चालू होतं. मध्येच डांबर, मध्येच मुरूम. गाडीचे मागचे स्प्रिंगचे पाटे जुने, माणसं कोंबून नेण्यासाठी बाबांनीच कधीतरी जास्तीचे टाकून घेतलेले. आता दोनच माणसं बसली की गाडी दगडासारखी उसळायची. इंजिन डिझेलचं, लहान. वेग जरा वाढवला की दारं, काचा, आरसा, सगळं थरथरायचं. म्हणून बाबा बैलगाडीच्या चालीनं न्यायचे. त्या इंजिनाला एसी ओढणं शक्यच नव्हतं. उन्हाळा तोंडावर आला होता.

भाऊ म्हणाला, "ती विकून टाक, दुसरी घेऊ." मी बाबांना विचारलं.

"दुसरी कशाला?" ते म्हणाले. "हीच येते की आमच्या मागं मागं."

गाडी पुढे असते आणि माणूस तिच्या आत, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता.

हिंगोलीत आमच्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत. त्यांच्या वडिलांनी बाबांच्या गाडीचं काम वर्षानुवर्षं केलं, आता गॅरेज मिस्त्रीच बघतात. माझ्याच वयाचे, बोलके, आणि जुन्या गाडीत मोठं इंजिन बसवायची त्यांना फार हौस. मी नुसतं आईच्या पाठीचं बोलले तर त्यांनी हातातला पानाच खाली ठेवला.

"मॅडम, याच गाडीचं नंतरचं मॉडेल निघालं होतं ना, दोन हजार सीसीचं इंजिन, पाच गिअर. परभणीला एक गाडी भंगारात निघालीय, बॉडी सडली पण इंजिन एकदम साफ. ते आपण चाचांच्या गाडीत टाकू. पुढं नवे शॉकअप, मागं पाटे बदलू, लांब आणि कमी. पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक. अशी गाडी चालंल, माँजींच्या पोटातलं पाणी हलणार न्हाई."

"आरटीओचं?"

"ते आपल्याकडं लागलं. इंजिन नंबर पुस्तकावर चढवून घेऊ. बराबर कायद्यात बसवून."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर आवडलं. आईची पाठ आणि बाबांची गाडी, दोन्ही सांभाळल्यासारखं होत होतं, आणि ते मी केलं असं होणार होतं. भावानं अर्धा भार उचलतो म्हणून सांगितलं. बाबांना सांगायला मी मुद्दाम बाळापूरला गेले.

ते ओट्यावर बसून ऐकत होते. इंजिन बदलायचं म्हटल्यावर त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग घराच्या दाराकडे, जिथं आई कॉटवर पडलेली दिसत होती.

"हे इंजिन चालू हाय अजून," ते म्हणाले.

"चालू आहे, बाबा. पण आईला त्रास होतो."

"व्हय. तकलीफ तर होते तिला." मग म्हणाले, "आराम पडत असंल तर कर. बाकी गाडी हाय तशी राहू दे."

मी हो म्हणाले. बाकी म्हणजे काय हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

गाडी हिंगोलीला गेली. मिस्त्रींनी कबूल केलेली मुदत टळली, मग पुढचीही टळली. नवं इंजिन जुन्या जागेत बसेना. ते ज्यावर टेकतं त्या पट्ट्या कापून नव्या जोडाव्या लागल्या. रेडिएटर पुढे सरकवावा लागला. मी कॉलेज सुटल्यावर गॅरेजला जाऊन यायचे. बोनेट काढलेलं, पुढची चाकं नाहीत, खाली लाकडाचे ओंडके. दारावरून हात फिरवावा असं वाटायचं, पण तेवढ्या माणसांत लाज वाटायची. त्या आठवड्यांत बाबा आईला भाड्याच्या गाडीनं न्यायचे. पुढे ड्रायव्हर, मागे हे दोघं. आई फोनवर सांगायची, "तुझे बाबा सारखं त्याच्या गिअरकडं बघून राहतात."

एक दिवस मी परीक्षेच्या पर्यवेक्षणावर होते. फोन थरथरला म्हणून वर्गाच्या दारात येऊन घेतला.

"मॅडम, एक विचारायचं होतं," मिस्त्री म्हणाले. "हा गिअर खालून येतो, दोन्ही सीटच्या मधून. पुढची सीट अखंड ठेवता येत न्हाई. म्हणजे मधून कापून ठेवता येईल, पण दिसायला खराब, आणि माँजींच्या गुडघ्याला दांडा लागंल. दोन वेगळ्या सीटा टाकू का? मागं झुकणाऱ्या मिळतात, मस्त."

मागं झुकणाऱ्या म्हटल्यावर मला आईचे मिटलेले डोळे आठवले. तिला उशीला टेकून तिरपं बसावं लागतं, ते आता लागणार नाही. मी म्हणाले, "झुकणाऱ्याच टाका."

"चाचांना विचारू का एकदा?"

"नको. मी सांगते त्यांना."

वर्गात एक मुलगी पुरवणी मागत हात वर करून उभी होती. मी फोन ठेवला. बाबांना त्या दिवशी सांगितलं नाही, नंतरही नाही. विसरले असं म्हणता येणार नाही. मला वाटलं, बघतील तेव्हा खूश होतील. आता विचार करते तेव्हा वाटतं, ते नको म्हणतील याची मला कुठंतरी कल्पना होती.

गाडी तयार झाली त्या दिवशी मिस्त्रींनी स्वतः चालवत ती बाळापूरला आणली, मी शेजारी. कळमनुरीच्या पुढे रस्ता मोकळा मिळाल्यावर त्यांनी पाचवा गिअर टाकला आणि माझ्याकडे बघून हसले. गाडी खरंच सरळ वाहत होती. काचा वाजत नव्हत्या. एसीचा गार झोत तोंडावर येत होता. मी मनातल्या मनात आईला त्या सीटवर बसवून बघत होते.

बाबा लिंबाखाली उभे होते. आवाज ऐकून ते दोन पावलं पुढे आले आणि थांबले. त्यांना आपली गाडी आवाजावरून कळायची. हा आवाज त्यांचा नव्हता. मिस्त्रींनी उतरून किल्ली त्यांच्या हातात दिली, बोनेट उघडून सगळं दाखवलं. बाबांनी नीट ऐकून घेतलं, मान हलवली, खाली वाकून पुढचे शॉकअप पाहिले, हातानं गाडी दाबून पाहिली. "चांगलं काम केलं," ते मिस्त्रींना म्हणाले. मग दार उघडलं आणि तसेच उभे राहिले.

"सीट?"

"गिअर खालून आहे ना, बाबा," मी म्हणाले. "आणि ही मागं झुकते. आईला झोपून जाता येईल."

"आस्सं."

ते बसले. किल्ली फिरवली. डावा हात उचलून स्टेअरिंगच्या बाजूला नेला, जिथं पूर्वी दांडा होता. तिथं काही नव्हतं. हात तसाच क्षणभर हवेत राहिला, मग त्यांनी तो खाली आणला आणि नवा दांडा शोधला. मिस्त्री म्हणाले, "होईल सवय, चाचा." बाबा म्हणाले, "व्हय, होईल की."

पहिल्या फेरीला मी रजा काढून गेले, बघायला. आई पुढे, मागं झुकवलेल्या सीटवर; मी मागच्या सीटवर. नालीच्या उंचवट्यावर गाडी हळूच वर आली आणि खाली बसली. आईनं डोळे मिटले नाहीत. मी पुढे वाकून विचारलं, "कळ आली?"

"न्हाई गं. काहीच न्हाई."

मला केवढा आनंद झाला. वारंगा फाटा कधी आला कळलं नाही. अर्धापूरच्या केळीच्या बागा मागे पडल्या. गाडीत सगळं शांत होतं. काच बंद, एसी चालू, बाबा दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून समोर बघत होते, आई छताकडे. त्या शांततेचं मला काहीच वाटलं नाही. नांदेडला पोचलो तर व्यायामाच्या खोलीला अजून कुलूप होतं. बाहेरच्या बाकावर बसून वाट बघावी लागली.

"लई लवकर आलो," बाबा म्हणाले.

"बरंच झालं ना," मी म्हणाले.



पुढच्या आठवड्यात आईला फोन केला तर म्हणाली, आज मागे बसून गेले. मी म्हटलं, अगं पण सीट झुकते ना ती. "झुकते, चांगली हाय," आई म्हणाली. "पण मागं बरं वाटलं." त्याच्या पुढच्या आठवड्यातही ती मागेच बसली. आता पाटे बदलल्यामुळे ती घसरत नव्हती, कळ येत नव्हती. मी म्हटलं, असेल, जिथं सोयीचं वाटेल तिथं बसू दे.

सुट्टी लागल्यावर मी राहायला गेले. एका दुपारी आईच्या कमरेचा पट्टा बांधून देत होते. बाबा बाहेर गेले होते. मी सहज म्हणाले, "ती पुढची सीट एवढी तुझ्यासाठी करून घेतली आणि तू मागं बसतेस."

"मला त्याच्यावर आडवं पडलं की नेऊन राहिल्यासारखं वाटतं," आई म्हणाली. "पेशंटला नेतात तसं."

"मग सरळ करून बस."

"सरळ बसून बी ते तिकडं, मी इकडं. मधी तो दांडा." ती थोडं हसली. "तुला काय सांगू. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, त्या गाडीत त्यांच्या शेजारी मी कधी बसले व्हते? सदा माणसंच भरलेली. ऑपरेशन झालं म्हणून बसायला भेटलं. खांदा टेकून. गाडी हळू चालायची, मग बोलायचे ते. या झाडाखाली अमुक बाई बाळंत झाली, त्या नाल्यात गाडी अडकली होती. मला काहीच माहीत नव्हतं. घरी कुठं बोलतात?"

मी पट्टा बांधायची थांबले होते.

"आणि पाठ दुखायची तेव्हा?" मी विचारलं.

"दुखायची की. लई दुखायची. ते बी खरंच हाय." तिनं माझा हात थोपटला. "तू आमच्या भल्यासाठीच केलं, बाई. दुखणं कमी झालं माझं. आवळ जरा, ढिला राहिला."

मी पट्टा आवळला आणि पाणी आणायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले. माझ्या डोळ्यांसमोर ती उशी होती. मी तिला अडचण समजले होते. मी एकदाही विचारलं नव्हतं की तुम्ही जाता-येता काय बोलता. गाडी किती हळू चालते, किती हादरते, एवढंच बघितलं, आणि ज्या रस्त्यावर त्यांना पहिल्यांदा एकमेकांसोबत वेळ मिळाला होता त्यावरचा वेळच निम्म्यानं कमी करून दिला.

सुट्टी संपायच्या आधीच मी हिंगोलीला आले ती थेट गॅरेजला. जुनी सीट मिस्त्रींनी टाकली नव्हती. गॅरेजच्या दाराशी विटांवर मांडली होती, गिऱ्हाइकांना बसायला. दोन माणसं तिच्यावर बसून चहा पीत होती. गाडी तयार होत असताना मी कितीदा तिच्यासमोरून गेले असेन.

"हीच पुन्हा बसवायची," मी म्हणाले.

मिस्त्रींनी समजावून सांगितलं. गिअरसाठी गाडीच्या तळाला भोक पाडून वर उंचवटा केला होता. तिथं ही सीट बसवायची तर मधला भाग कापावा लागेल, आणि कापला की अखंड राहणार नाही. हँड गिअर या इंजिनाला जोडता येतो का विचारलं. ते म्हणाले, "जुगाड करता येईल, पण मॅडम, चालत्या गाडीत गिअर अडकला तर? चाचांच्या हातात देणार न्हाई मी तसलं." आणि जुनं इंजिन? ते त्यांनी सुटं करून विकलं होतं. माझ्याच सांगण्यावरून.

सीट मी टेम्पोत घालून बाळापूरला पाठवली. मनात होतं, ओट्यावर ठेवली तर दोघं संध्याकाळी बसतील. पण ती जमिनीपासून इतकी खाली होती की आईला बसलं की उठता येईना. बाबांनी एकदा बसून पाहिलं, स्प्रिंगा कुरकुरल्या, ते उठून खुर्चीवर जाऊन बसले. गाडीच्या बाहेर ती सीट म्हणजे नुसतं फोम आणि रेक्झिन होतं. आता तिच्यावर वाळवणाच्या परड्या असतात, आणि शेजारची मांजर.

यानंतर काही दिवसांनी बाबांचा फोन आला. ते सहसा स्वतःहून फोन करत नाहीत.

"शनिवारी सुट्टी हाय ना तुला?"

"अर्धा दिवस कॉलेज आहे. दुपारी मोकळी."

"मग डॉक्टरला शनिवारची दुपार सांगतो. तू ये. गाडी तू चालव."

गाडी चालवायला मला बाबांनीच शिकवलं होतं, याच गाडीवर. पण पेशंट घेऊन, आणि तेही आई, अशी किल्ली त्यांनी कधी माझ्या हातात दिली नव्हती. मी विचारलं, "काहून? तुमाला बरं नाही का?" त्यांच्याशी बोलताना माझी भाषा आपोआप तिकडची होते.

"बरा हाय मी. क्लच जड हाय जरा, गुडघा धरतो. तू ये."

मी गेले. आई मागे बसली. मला वाटलं, बाबा माझ्या शेजारी बसून सूचना देतील. त्यांनी मागचं दार उघडलं, आईला जरा सरकायला सांगितलं आणि तिच्याशेजारी बसले. मांडीवर उशी घेतली. आपल्याच गाडीत मागे बसलेले बाबा मी कधी पाहिले नव्हते. ते अवघडून बसले होते, गुडघे पुढच्या सीटला लागत होते, हात कुठे ठेवावेत हे त्यांना सुचत नव्हतं. आरशात ते दिसले तेव्हा मी पटकन नजर काढून घेतली. ज्या माणसानं अख्खी हयात त्या स्टेअरिंगवर काढली त्याला मी तिथून उठवलं होतं. क्लच जड होता, ते खरं असेल. मोठ्या इंजिनाचा क्लच जड असतोच. पण मला ते कारण पुरेसं वाटलं नाही.

मी मुद्दाम हळू चालवत होते. एसी लावला नाही, काचा खाली ठेवल्या. वारंग्याच्या अलीकडे बाबांचा आवाज आला, "काहून रेंगाळून राहिली? मागून ट्रक आलाय. इंजिन मोठं टाकलं न तू, चालव की."

मी वेग वाढवला. थोड्या वेळानं मागे बोलणं सुरू झालं. हळू आवाजात, तुटक. आई म्हणाली, इथंच न ती विहीर? बाबा म्हणाले, न्हाई, ती पलीकडं, रस्ता रुंद केला तेव्हा बुजवली. मी एकदा मध्येच विचारलं, कुठली विहीर? दोघंही गप्प झाले. मग मी पुन्हा काही विचारलं नाही.

तेव्हापासून आईचे व्यायाम संपेपर्यंत शनिवारी दुपारी मीच गाडी नेत राहिले. घरच्यांना माझं कौतुक वाटायचं, पोरगी एवढ्या लांबून येते म्हणून. ते कौतुक मला घेता येत नव्हतं.

शेवटच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, आता तीन महिन्यांनी या, छान आहे सगळं. आई आत कपडे बदलत होती. बाबा आणि मी गाडीपाशी उभे होतो. मी धीर करून विचारलं.

"बाबा, गाडी बदलली ते तुमाला लागलं का?"

ते लगेच नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. त्यांनी बोनेटवरची धूळ हातानं पुसली.

"लागलं," ते म्हणाले. "इंजिनाचं न्हाई एवढं. इंजिन आज न उद्या जाणारच व्हतं. सीटचं लागलं. विचारलं असतं तर बरं झालं असतं."

"विचारलं असतं तर काय म्हणाला असता?"

"काय म्हणलो असतो," ते विचार करत म्हणाले. "नको म्हणलो असतो. आन् मग तिची पाठ तशीच दुखत राहिली असती. मग मला लागलं असतं ते येगळंच." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू चुकली न्हाईस, बाई. पण विचारायला पायजे व्हतं."

मी हो म्हणाले. डोळे भरून आले होते, पण रस्त्यावर, दवाखान्याच्या दारात उभे होतो, म्हणून आवरलं. आई आली. बाबांनी तिला हात देऊन मागे बसवलं.

आता गाडी पुन्हा लिंबाखाली असते. बाबा ती पुसतात. मी एकदोनदा म्हणाले, चालवून बघा, क्लच मिस्त्रींकडून हलका करून आणलाय. एकदा ते पेट्रोलपंपापर्यंत जाऊन आले. "हलका झाला," असं सांगून त्यांनी किल्ली खिळ्याला लावली. त्यानंतर मी असले की मलाच म्हणतात, काढ गाडी.

गेल्या महिन्यात हट्ट्याला आईच्या माहेरी लग्न होतं. मी गाडी नेली. मांडवापाशी आईचा एक चुलत भाऊ पुढे आला, बाबांना मागच्या दारातून उतरताना पाहून हसत म्हणाला, "काय पाव्हणं, ड्रायव्हर ठेवला काय?"

"व्हय," बाबा म्हणाले, "लेक हाय माझी. चांगली चालवते."

ते आईचा हात धरून मांडवात गेले. मी गाडी सावलीला लावायला मागे घेतली, आणि लावून झाल्यावर बाबांच्या त्या जागेवरून लगेच उठवेना. आतून मला हाका मारत होते, जेवणाची पंगत बसत होती. थोड्या वेळानं मी काचा वर केल्या आणि गेले.